छोटा गिटार अ‍ॅम्प घरीच सुधारायचा असेल तर: आधी खोका आणि स्पीकर, मग सर्किट

दहा वॉटचा, सहा इंची स्पीकरचा प्रॅक्टिस अ‍ॅम्प बहुतेक गिटारवादकांकडे सगळ्यात आधी येतो आणि सगळ्यात आधी कोपऱ्यात जाऊन बसतो. क्लीन आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो आणि गेन वाढवला की बाटलीत भुंगा कोंडल्यासारखा. मग कुणीतरी सांगतं की आतली चिप बदल, आवाज सुधारेल. चिप बदलली जाते, तासभर छान वाटतं आणि दुसऱ्या दिवशी तोच डबा पुन्हा वाजायला लागतो.

माझा अनुभव असा की या अ‍ॅम्पमधला निम्म्याहून जास्त दोष सर्किटच्या बाहेर असतो. म्हणून हात घालायचा क्रम महत्त्वाचा: आधी खोका, मग स्पीकर, मग घरघर, मग डायोड आणि कपॅसिटर. चिप अगदी शेवटी, तीही वाटलं तरच. आणि एका वेळी एकच बदल. एकदा मी एकाच बैठकीत पाच गोष्टी बदलल्या. अ‍ॅम्प चालू केल्यावर कर्कश शिट्टी ऐकू आली आणि ती नक्की कशामुळे येते ते शोधायला पूर्ण दोन संध्याकाळी गेल्या. सुटे भाग सगळे ठीकच होते. इनपुटची तार स्पीकरच्या तारेला खेटून गेली होती, एवढंच.

उघडण्याआधी

फोनवर एक मिनिटाचं रेकॉर्डिंग करून ठेवा. फोन ठेवायची जागा, गिटारचा पिकअप आणि नॉबच्या खुणा लिहून ठेवा. वाजवायचं ते असं: न दाबलेल्या सुट्या तारा, एक कॉर्ड, एक लीड, थोडं क्लीन, थोडं गेनवर. पुढे प्रत्येक बदलानंतर हेच तुकडे त्याच जागेवरून पुन्हा रेकॉर्ड करायचे. कान फार लवकर सरावतात. कालचा आवाज कसा होता ते आठवणीवर ठरवायला गेलात तर हमखास फसाल.

नंतर दोषाला नाव द्या. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही घरघर येते? गेन वाढवला की फस्सकन वाळूसारखा आवाज येतो? जाड तार वाजवली की काहीतरी खडखडतं? की सगळंच पोकळ, नाकातून बोलल्यासारखं? या चार तक्रारींची मुळं चार वेगवेगळ्या ठिकाणी आहेत.

कोणता अ‍ॅम्प उघडायचा नाही

हा लेख ट्रान्झिस्टर किंवा चिपवर चालणाऱ्या अ‍ॅम्पपुरता आहे. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असेल तर इथेच थांबा. त्यात २५० ते ४५० व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये टिकून राहतो. माणूस दगावू शकतो.

चिपवाल्या अ‍ॅम्पमध्येही पॉवर सप्लाय बघा. आत लोखंडी पत्र्यांचा जड ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याच्या पुढचा भाग कमी व्होल्टेजचा असतो, साधारण १२ ते २० व्होल्ट, कधी प्लस-मायनस दोन्ही बाजूंना. तो हाताळण्यासारखा असतो. त्याऐवजी पिवळी टेप गुंडाळलेला हलका ट्रान्सफॉर्मर आणि ४०० व्होल्ट छापलेला जाडा कपॅसिटर दिसला तर तो स्विचिंग सप्लाय. त्या बोर्डाला हात लावू नका. बाहेरच्या अडॅप्टरवर किंवा बॅटरीवर चालणारा अ‍ॅम्प शिकण्यासाठी सगळ्यात बरा.

प्लग नुसता बंद करू नका, भिंतीतून उपसून काढा. मग पॉवर सप्लायच्या मोठ्या फिल्टर कपॅसिटरच्या दोन पायांवर १०० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर पाच-दहा सेकंद धरा. त्याची टोकं इन्सुलेशन असलेल्या पकडीने धरा. नंतर मल्टिमीटर लावून एक व्होल्टच्या खाली आलंय ना ते पाहा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून कपॅसिटर रिकामा करायची पद्धत आहे, ती करू नका. कपॅसिटर आणि बोर्डावरची पट्टी दोन्ही खराब होतात. ट्रान्सफॉर्मरची मेन्सकडची, म्हणजे भिंतीतल्या विजेकडची बाजू, स्विच आणि फ्यूज जसेच्या तसे ठेवायचे. आणि घरघर कमी व्हावी म्हणून प्लगची अर्थ पिन कधीही काढायची नाही. गिटारच्या तारा त्या अर्थलाच जोडलेल्या असतात आणि त्यांवर तुमचा हात असतो.

खोका

मागचा पत्रा किंवा फळी काढून प्रत्येक जागेचे फोटो काढा, तारांच्या रंगांसकट. मग स्पीकरचे चारही स्क्रू हाताने तपासा. यातला एक तरी ढिला असतोच. तिरप्या क्रमाने घट्ट करा, पण जोर लावू नका. स्वस्त खोक्याचा भुसा दाबून केलेला बोर्ड पटकन सुटतो आणि चौकट वाकली की आतली कॉइल घासायला लागते. कोनच्या, म्हणजे स्पीकरच्या कागदी पडद्याच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून अगदी हलकेच आत ढकला. बिनआवाज जायला हवा. खरखर जाणवली तर स्पीकर गेला, तो सुधारत नाही.

आता अ‍ॅम्प मागची फळी परत बसवून चालू करा, जाड ई तार वाजवा आणि खोक्यावर ठिकठिकाणी तळहात दाबा. कुठे दाबल्यावर खडखड थांबते ते बघा. जाळी, हँडल, कंपनीच्या नावाची प्लास्टिक पट्टी, आत लोंबणारी तार. फेल्टचा तुकडा किंवा फोमची पट्टी लावली की काम होतं. स्पीकर आणि फळी यांच्या मध्ये पातळ फोमची गोल पट्टी असेल तर हवा गळत नाही आणि खालचा सूर भरीव होतो.

मागची बाजू पूर्ण बंद असलेल्या छोट्या खोक्यात पोकळ आवाज फार घुमतो. आतल्या मागच्या भिंतीवर दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा पॉलिस्टरचा कापूस चिकटवा. सर्किट, ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक (चिप थंड ठेवणारा धातूचा तुकडा) यांच्यापासून तो लांब ठेवा. आणि अ‍ॅम्प जमिनीवरून उचलून कानाकडे तिरपा करा. वरचे सूर स्पीकरमधून सरळ रेषेत निघतात. अ‍ॅम्प पायापाशी असला की ते पोटऱ्यांना लागतात आणि आपण ट्रेबल वाढवत बसतो. बेस कमी वाटला तर अ‍ॅम्प भिंतीच्या कोपऱ्याजवळ सरकवा.

स्पीकर

खर्चाच्या मानाने सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो, म्हणून या भागाला वेळ द्या.

स्पीकरच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी नावाचा एक आकडा असतो: एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल. ३ डेसिबल जास्त मिळणं म्हणजे अ‍ॅम्पची ताकद दुप्पट झाल्यासारखंच. ८८ डेसिबलच्या स्पीकरच्या जागी ९७ चा लावला की दहा वॉटचा अ‍ॅम्प आधीच्या स्पीकरवरच्या ऐंशी वॉटइतका मोठा वाजतो. वॉटच्या आकड्यामागे धावणारे इथेच चुकतात. स्पीकरवर लिहिलेले वॉट म्हणजे तो किती सहन करतो. तो किती मोठा वाजेल हे त्यावरून कळत नाही.

स्पीकर गिटारसाठीच बनवलेला घ्या. घरच्या स्टिरिओचा किंवा गाडीचा स्पीकर व्यासाने बसतो म्हणून लावू नका. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचे सूर झपाट्याने गाळतो आणि डिस्टॉर्शनचा कडवटपणा त्याच भागात असतो. स्टिरिओचा स्पीकर तो सगळा कडवटपणा इमानाने ऐकवतो.

इम्पीडन्स, म्हणजे स्पीकरचे ओहम, पाहताना मल्टिमीटरवर फसू नका. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ६ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते साडेतीन. अ‍ॅम्पवर जेवढे ओहम लिहिले आहेत त्यापेक्षा कमीचा स्पीकर चिपला झेपत नाही, ती तापून बंद पडते. जास्तीचा चालतो, फक्त ताकद घटते: ४ च्या जागी ८ लावला तर साधारण निम्मी. पण वाढलेली सेन्सिटिव्हिटी ती घट भरून काढते.

नव्या स्पीकरच्या चुंबकाची खोली आधी मोजा, ट्रान्सफॉर्मरला टेकायला नको. स्पीकरच्या तारांची खोचलेली पाती सुटी होत असतील तर सोल्डरिंगची गरजच नाही. प्लस-मायनस खात्री करायला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा: कोन बाहेर उसळला तर सेलच्या प्लसकडचं टोक ते प्लस.

खोक्यात मोठा स्पीकर बसत नसेल तर मागे बाहेरच्या स्पीकरसाठी जॅक बसवा. छोट्या अ‍ॅम्पला बारा इंची कॅबिनेट पहिल्यांदा जोडाल तेव्हा हा तोच अ‍ॅम्प आहे यावर विश्वास बसत नाही. पण या जॅकमध्ये एक मेख आहे. बऱ्याच सर्किटमध्ये स्पीकरची मायनस तार थेट ग्राउंडला जात नाही. ती ०.२२ किंवा ०.४७ ओहमच्या पांढऱ्या सिमेंटच्या रेझिस्टरमधून जाते, कारण तिथूनच चिपला फीडबॅक, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग परत, मिळतो. काही अ‍ॅम्पमध्ये, खासकरून बॅटरीवाल्यांत, स्पीकरची दोन्ही टोकं चिपच्या आउटपुटला असतात. अशा ठिकाणी साधा धातूचा जॅक पत्र्यावर कसला की मायनस तार ग्राउंडला लागते. पहिल्या प्रकारात अ‍ॅम्पचं वागणं बिघडतं, दुसऱ्यात चिप जळू शकते. म्हणून प्लास्टिक बॉडीचा, पत्र्यापासून अलग राहणारा जॅकच घ्या. तो स्विचवाला हवा, म्हणजे बाहेरचा स्पीकर लावला की आतला आपोआप सुटेल. दोन्ही एकदम चालू राहिले तर ८ आणि ८ मिळून ४ ओहम होतात.

घरघर आणि खरखर

व्हॉल्यूम शून्यावर ठेवा. घरघर तशीच राहिली तर ती पॉवर सप्लायकडून येते. व्हॉल्यूमबरोबर वाढत असेल तर इनपुटकडून, आणि गिटारची केबल उपसल्यावर थांबली तर अ‍ॅम्प निर्दोष आहे: सिंगल कॉइल पिकअप ट्यूबलाइट, मॉनिटर, चार्जर सगळ्यांचं ऐकतो.

पॉवर सप्लायची घरघर मेन्सच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीची असते. मेन्स ५० हर्ट्झची असेल तिथे १००, ६० ची असेल तिथे १२०. फिल्टर कपॅसिटर जुना असेल, डोकं फुगलेलं असेल तर बदला. १००० मायक्रोफॅरडच्या जागी २२०० चालतो. व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, आणि ज्या बाजूला पट्टा तो पाय मायनसला. उलटा लावला तर तो फुटतो. याहून फार मोठा कपॅसिटर लावू नका, चालू करताना एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरच्या डायोडवर ताण येतो.

आवाज मधूनच जात असेल तर आधी इनपुट जॅक बघा. तो सरळ बोर्डावर सोल्डर केलेला असतो आणि केबलचा प्रत्येक हिसका त्याच्या पायांवर येतो. भिंगातून पाहा: पायाभोवती केसाएवढी काळी गोल रेघ दिसेल, जणू पाय आपल्या खळग्यात सैल बसलाय. हाच ड्राय जॉइंट. सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांवर, पाय आणि पट्टी दोन्हींना एकदम टेकवा, थोडं नवीन सोल्डर द्या, दोन-तीन सेकंदांत उचला. चांगला सांधा चकाकतो आणि पायाला धरून उतरत जातो. गोळ्यासारखा बसला असेल तर पुन्हा करा. हेडफोनच्या जॅकमध्येही तसंच पाहा. स्पीकरचा मार्ग त्याच्या आतल्या पातीतून जातो आणि पातीवर मळ बसला की स्पीकर गप्प होतो. प्लग दहा वेळा आत-बाहेर केला तरी पुष्कळदा सुटतं. नॉब फिरवताना खरखर येत असेल तर नॉबमागच्या पॉटमध्ये (पोटेन्शिओमीटरमध्ये) काँटॅक्ट क्लीनर मारा आणि वीसेक वेळा फिरवा.

डायोड: गेनचा स्वभाव इथे ठरतो

बोर्डावर ऑप-अँपच्या, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या चिपच्या आसपास नारिंगी काचेचे, काळा पट्टा असलेले दोन इवले डायोड दिसतील, तोंडं एकमेकांच्या उलट. ते बहुधा १एन४१४८. सिग्नल ०.६ व्होल्टच्या वर गेला की ते त्याचं डोकं छाटतात, आणि तेच आपलं डिस्टॉर्शन.

डायोड काढून त्या जागी छोटी फीमेल हेडर पट्टी सोल्डर करा. मग नवे डायोड नुसते खोचून ऐकता येतात. लाल एलईडी साधारण १.७ व्होल्टला छाटतो, त्यामुळे आवाज मोकळा होतो आणि पिकचा ठोका जिवंत राहतो. जर्मेनियमचा १एन३४ए ०.३ च्या आसपासच छाटू लागतो, मऊ आणि दाटलेला. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन सिलिकॉन ओळीने लावले तर छाटणी असमान होते आणि सुराला थोडी जाडी येते. मला छोट्या स्पीकरवर हीच जोडणी सगळ्यात आवडते.

तुलना करताना मात्र एक पथ्य पाळा. सिलिकॉनऐवजी एलईडी लावले की सिग्नल जवळपास तिप्पट होतो, म्हणजे सुमारे ९ डेसिबल. मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो. व्हॉल्यूम उतरवून दोन्ही सारखे करा, मग ठरवा.

भुंगा घालवणारा कपॅसिटर

डायोडची जोडणी दोन प्रकारांची असते. डायोड ऑप-अँपच्या आउटपुटपासून इनपुटच्या मायनस पायापर्यंत, म्हणजे फीडबॅकमध्ये असतील, तर त्यांना समांतर असलेला मोठा रेझिस्टर शोधा. समजा तो १०० किलोओहम आहे. त्याला समांतर २२० पिकोफॅरड लावला तर ७२०० हर्ट्झच्या आसपास वरचे सूर उतरू लागतात, ४७० लावला तर ३४०० च्या आसपास. आधीच तिथे एखादा कपॅसिटर असेल तर त्याची किंमत, म्हणजे पिकोफॅरडचा आकडा, यात मिळवा. डायोड ग्राउंडला जात असतील तर त्यांच्या आधीचा रेझिस्टर पाहा. तो १० किलोओहम असेल तर डायोडना समांतर ४.७ नॅनोफॅरड पुन्हा ३४०० च्याच जवळ आणतो, २.२ नॅनो ७२०० जवळ. सूत्र एकच: १ ÷ (२ × π × R × C), R म्हणजे रेझिस्टर आणि C म्हणजे कपॅसिटर. आपल्या बोर्डावरच्या किमती घालून हिशोब करा, मग कपॅसिटर निवडा. मी नेहमी कमी किमतीपासून सुरुवात करतो, कारण एकट्याने वाजवताना गोड वाटलेला अंधारा आवाज गाण्याबरोबर बुडून जातो.

बेसचा ताबा फीडबॅकच्या खालच्या हातात असतो: मायनस पायापासून ग्राउंडकडे जाणारा रेझिस्टर आणि कपॅसिटर. ट्यूब स्क्रीमर या प्रसिद्ध पेडलमध्ये तिथे ४.७ किलोओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड आहे, त्यामुळे ७२० हर्ट्झच्या खाली गेन कमी होत जातो. ०.१ केलात तर ती रेघ ३४० वर येते. सहा इंची स्पीकरवर त्याहून खाली नेऊ नका. गिटारची जाड ई ८२ हर्ट्झची असते. तेवढा खालचा सूर छाटणीत गेला की सगळा चिखल होतो.

ऑप-अँप

जुनी ४५५८ असेल तर टीएल०७२ त्याच पायांच्या रचनेत बसते. फरक थोडाच आहे. बदलायचीच असेल तर आठ पायांचा सॉकेट लावा आणि खाच कुठल्या बाजूला होती त्याचा फोटो ठेवा. पहिल्या टप्प्यावर, जिथे गिटार थेट येते, तिथे एनई५५३२ घालू नका. आकड्यांत ती कमी आवाज करते, पण तिचा इनपुट करंट जास्त आहे, आणि गिटारच्या मोठ्या इम्पीडन्सला टीएल०७२ सारखी एफईटी (जवळपास करंट न ओढणारा ट्रान्झिस्टर) इनपुटची चिपच मानवते.

पॉवर चिप, म्हणजे टीडीए२०३० सारखी, चालत असेल तर तिला हात लावू नका. तिची धातूची पाठ मायनस सप्लायला आतून जोडलेली असते. हीटसिंक काढलाच तर मधला वीज अडवणारा अभ्रकाचा तुकडा आणि स्क्रूची प्लास्टिक वॉशर परत तशीच बसली पाहिजे.

पुन्हा चालू करताना

सोल्डरचे सुटे कण ब्रशने झाडा. शेजारच्या पायांमध्ये पूल झालाय का ते भिंगातून बघा. इनपुटची तार स्पीकरच्या आणि ट्रान्सफॉर्मरच्या तारांपासून लांब ओढून बांधा. पहिल्यांदा चालू करताना स्पीकर जोडू नका. त्याच्या दोन तारांवर मीटर डीसीवर लावा. पन्नासेक मिलिव्होल्टपर्यंत ठीक. काही व्होल्ट दिसले तर लगेच बंद करा, ते स्पीकरची कॉइल जाळतील. सगळं नीट असेल तर बंद करून स्पीकर जोडा, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून चालू करा आणि दहा मिनिटं तसाच राहू द्या. मग प्लग उपसून हीटसिंकला बोट लावा. नुसत्या चालू अ‍ॅम्पचा हीटसिंक कोमट असावा. चटका बसला तर कुठेतरी चूक आहे.

शेवटी एका कागदावर प्रत्येक बदललेल्या भागाचा मूळ आकडा, नवा आकडा आणि तारीख लिहा, काढलेले डायोड आणि कपॅसिटर छोट्या पाकिटात घाला आणि दोन्ही मागच्या फळीच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.